झाकल्या मुठींमध्ये एक उघडा हात

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. शुक्रवारची संध्याकाळ, सगळ्यांची निघायची गडबड. मी माझ्या टीममधल्या एका सहकारी मुलीला घाईघाईत मेसेज टाकला, "सोमवारी दहाला जरा बोलायचं आहे. भेटूया." लॅपटॉप मिटला, घरी गेलो, विसरून गेलो. बोलायचं होतं तिच्या सुट्टीबद्दल. तिच्या आणि आणखी एकाच्या तारखा एकमेकांवर येत होत्या, एवढंच. सोमवारी पाच मिनिटांत तो विषय मिटला. ती "चालेल" म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली.

मधल्या दोन दिवसांत काय झालं होतं ते मला सात-आठ महिन्यांनी कळलं, तेही विषयातून विषय निघाला म्हणून. शनिवारी तिने गेल्या सहा महिन्यांतले स्वतःचे ईमेल उघडून एकेक वाचले होते. एका अहवालात एक आकडा चुकला होता. तो तिनेच शोधला, तिनेच दुरुस्त केला, कुणी एक शब्द बोललं नव्हतं. आता तोच आकडा पुरावा झाला. एका मीटिंगमध्ये मी तिचं बोलणं मधेच तोडलं होतं, ते आठवलं. एका नव्या कामासाठी मी दुसऱ्याचं नाव सुचवलं होतं, ते आठवलं. रविवारी रात्रीपर्यंत खटला उभा राहिला, साक्षी झाल्या आणि निकालही लागला: आपल्याला इथे ठेवणार नाहीत, आणि त्यांचं काही चुकतही नाही.

त्यातलं ते "त्यांचं काही चुकतही नाही" मला अजून टोचतं. नोकरी जाण्याची भीती कुणालाही वाटेल. पण टीममधली सगळ्यांत नेटकं काम करणारी व्यक्ती एका अर्धवट मेसेजवरून स्वतःला नालायक ठरवते आणि तो निकाल तिला रास्तही वाटतो, हे साधं प्रकरण नाही.

मन चिंती ते वैरी न चिंती, असं आपण म्हणतो. म्हण खरी आहे, पण ती सगळा दोष मनावर टाकून मोकळी होते. मनाला चिंतायला एवढं मोकळं रान दिलं कुणी? त्या शनिवार-रविवारपुरतं तरी ते मी दिलं होतं. "सुट्टीच्या तारखांबद्दल" हे दोन शब्द मी लिहिले असते, तर खटला उभाच राहिला नसता.

म्हणून माझं म्हणणं असं आहे. कामाच्या ठिकाणी माणसाला स्वतःच्या लायकीबद्दल जी शंका येते, तिचा मोठा भाग माहितीच्या दुष्काळातून येतो. आपलं काम कसं चाललंय हे कुणी नीट सांगत नाही. इतरांचं काम प्रत्यक्षात कसं होतं हे दिसत नाही. ती रिकामी जागा मन आपल्या पद्धतीने भरतं. असं असताना ही शंका माणसाचा खासगी दोष मानायची, त्याला आत्मविश्वासाच्या कार्यशाळेला धाडायचं आणि बाकी सगळं होतं तसं ठेवायचं, हे अन्यायाचं आहे. वर त्याचा उपयोगही होत नाही.

मनाचा हा कारभार चालतो कसा, ते आधी पाहू. अ‍ॅरन बेक हे अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ मुळात मनोविश्लेषणाच्या परंपरेत तयार झालेले. नैराश्याच्या रुग्णांशी बोलताना त्यांच्या लक्षात आलं की रुग्ण जे मोठ्याने बोलतो त्याच्या जोडीला त्याच्या मनात आणखी एक बोलणं सुरू असतं: झटपट, तुटक, स्वतःला दोष देणारं. रुग्णाला ते विचार वाटतच नाहीत, ती वस्तुस्थितीच वाटते. बेक यांनी त्यांना आपोआप येणारे विचार म्हटलं आणि १९६०च्या दशकात त्यावर आपली उपचारपद्धती उभी केली. तिचा गाभा सोपा आहे. विचार आला तर तो खरा मानू नका, खोटाही मानू नका. तो अंदाज समजा आणि तपासा.

हे आपोआप येणारे विचार नोकरी करणाऱ्या कुणालाही ओळखीचे वाटतील. साहेबांनी ईमेल वाचला, उत्तर दिलं नाही. म्हणजे नाराज आहेत. मी आत आलो आणि दोघं बोलायचे थांबले. म्हणजे माझाच विषय होता. काम चांगलं झालं. म्हणजे ते सोपं असणार. काम बिघडलं, म्हणजे खरा मी तो हा. शेवटचे दोन विचार जोडीने आले की सुटकाच नाही, कारण यश कधी खात्यात जमा होत नाही आणि अपयश मात्र व्याजासकट वसूल होतं.

त्यात मनाचा काटा मुळातच एका बाजूला झुकलेला. रॉय बाउमाइस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१मध्ये मानसशास्त्रातल्या कितीतरी क्षेत्रांतलं संशोधन एकत्र मांडून दाखवलं की वाईटाचा ठसा चांगल्यापेक्षा खोल उमटतो. वाईट अनुभव, वाईट शेरा, वाईट बातमी, सगळीकडे तेच. दहा जणांनी चांगलं म्हटलं आणि एकाने नाक मुरडलं, तर घरी जाताना सोबत येतो तो मुरडणारा. हा कुणाचा दुबळेपणा नाही, माणसाची घडणच तशी आहे. आपल्या चुकांकडे लोकांचं किती लक्ष असतं याचा आपला अंदाजही असाच चुकतो. कॉर्नेल विद्यापीठातल्या २०००च्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना घालायला लाज वाटेल असा, एका गायकाचा चेहरा छापलेला टी-शर्ट देऊन इतरांनी भरलेल्या खोलीत पाठवलं. घालणाऱ्यांचा अंदाज होता की जवळपास निम्म्या लोकांच्या तो लक्षात येईल. प्रत्यक्षात जेमतेम चौथ्या हिश्श्याच्या लक्षात आला.

मग यावर उपाय म्हणून सर्रास काय सांगितलं जातं? वाईट विचार मनात आणू नका, चांगले विचार करा. पोस्टरवर हेच, भाषणात हेच, वार्षिक मूल्यमापनाच्या खोलीत हेच. सांगणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही, पण हा सल्ला ज्याला सर्वांत जास्त गरज आहे त्याच्याच बाबतीत उलटतो. डॅनियल वेग्नर यांनी १९८७मध्ये प्रयोगात सहभागी झालेल्यांना सांगितलं होतं, पुढची पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आणि आलाच तर घंटी वाजवा. घंटी वाजतच राहिली. नंतर बंदी उठवल्यावर, ज्यांनी विचार आधी दाबला होता त्यांच्या मनात तो इतरांपेक्षा जास्त वेळा आला. 'मला जमणार नाही' हा विचार दाबायचा म्हणजे दर मिनिटाला तो आला का, हे दाराआड उभं राहून बघायचं. बघायला गेलं की तो असतोच.

दुसरा प्रयोग जास्त बोलका आहे. जोअ‍ॅन वुड आणि सहकाऱ्यांनी २००९मध्ये लोकांना स्वतःशी 'मी प्रेम करावं असा माणूस आहे' या अर्थाचं वाक्य म्हणायला लावलं. ज्यांचं स्वतःबद्दलचं मत मुळात चांगलं होतं त्यांना थोडं बरं वाटलं. ज्यांचं वाईट होतं, त्यांना ते वाक्य म्हटल्यावर आणखी वाईट वाटलं. विचार केला तर यात आश्चर्य नाही. आपल्याला न पटणारं वाक्य आपल्याच तोंडून वदवलं की मन लगेच उलटतपासणी सुरू करतं, आणि त्या उलटतपासणीत मन फार हुशार असतं. आरशासमोर उभं राहून 'मी उत्तम आहे' म्हणायला सांगणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. ज्याचं पोट भरलेलं आहे त्यालाच ते पचतं.

आता 'इम्पोस्टर सिंड्रोम'कडे येतो, कारण या शब्दाने गेल्या काही वर्षांत फार गोंधळ केला आहे. पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोन मानसतज्ज्ञांनी १९७८मध्ये दीडशेहून अधिक कर्तबगार स्त्रियांबरोबरच्या कामावरून एक निबंध लिहिला. पदव्या होत्या, पदं होती, लोकांकडून मान होता, तरी या स्त्रियांना आतून वाटायचं की आपण सगळ्यांना फसवलं आहे आणि एक दिवस पितळ उघडं पडणार. लेखिकांनी याला 'फिनॉमेनन' म्हटलं होतं, म्हणजे अनुभवाचा एक प्रकार. 'सिंड्रोम' हे नाव पुढे लोकांच्या तोंडी रुळलं आणि त्याबरोबर अर्थही सरकला. अनुभवाचा आजार झाला. मनोविकारांच्या अधिकृत यादीत असा आजार नाही, तरी आज माणसं सहज सांगतात की मला तो 'आहे'. एकदा आजार म्हटला की उपचार रोग्यावर करायचा. त्याला ज्या हवेत तो झाला, त्या हवेची चौकशी कुणी करत नाही.

हीच हरकत रुचिका तुलशियान आणि जोडी-अ‍ॅन ब्यूरी यांनी २०२१मध्ये 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'तल्या एका गाजलेल्या लेखात घेतली. जिथे आपल्यासारखं दुसरं कुणी दिसत नाही, जिथे आपलं बोलणं तोडलं जातं आणि तेच दुसऱ्याने बोललं की माना डोलतात, तिथे 'मी इथली आहे का' असा प्रश्न पडणं हे त्या जागेचं बऱ्यापैकी अचूक वाचन असतं. तिला कार्यशाळेला पाठवणं म्हणजे खोलीत धूर झाला म्हणून खोकणाऱ्याला औषध देणं आहे.

मात्र क्लान्स आणि आइम्स यांच्या निबंधातली एक गोष्ट जवळजवळ सगळे विसरले, आणि मला तीच सर्वांत मोलाची वाटते. त्यांनी गटात बसून बोलण्याची शिफारस केली होती. एकीने आपलं गुपित सांगितलं की दुसरीला सांगता येतं. आणि समोरच्या कर्तबगार बाईला स्वतःबद्दल इतकं चुकीचं वाटू शकतं हे डोळ्यांनी दिसलं की स्वतःच्या विचारातली चूकही दिसायला लागते. एकटीने आरशात बघून हे होत नाही. त्यासाठी समोर माणूस लागतो.

झाकली मूठ सव्वा लाखाची. नोकरीच्या ठिकाणी ही म्हण नियमासारखी पाळली जाते. सहकाऱ्याचा अहवाल आपल्यापर्यंत येतो तो पूर्ण होऊन, सजून. त्याने तो चार वेळा मोडून लिहिला, मध्ये एकदा सगळं सोडून द्यावंसं वाटलं, एक सूत्र शेवटपर्यंत कळलं नाही म्हणून कुणाला तरी हळूच विचारलं, हे आपल्याला दिसत नाही. आपल्या स्वतःच्या बाबतीत मात्र आपल्याला फक्त तेच दिसतं. सगळ्यांच्या मुठी झाकलेल्या आणि आपला हात तेवढा उघडा, अशा मोजणीत आपण रोज हरतो.

डेव्हिड डनिंग आणि जस्टिन क्रुगर यांचा १९९९चा अभ्यास लोकांना अर्धाच माहीत आहे. चाचण्यांत सर्वांत खाली राहिलेल्या गटातल्यांनी स्वतःला फार वर मोजलं: खरी जागा शंभरात खालून सुमारे १२वी, अंदाज ६२वा. उथळ पाण्याला खळखळाट फार, हे त्यातून सिद्ध झाल्यासारखं वाटून सगळे खूश झाले. पण त्याच अभ्यासात वरच्या गटाचं वागणं पाहा. इतरांच्या तुलनेत आपण कुठे आहोत हे सांगताना त्यांनी स्वतःला खऱ्यापेक्षा कमी लेखलं. कारण साधं होतं. आपल्याला जमलं ते सगळ्यांनाच जमत असणार, अशी त्यांची समजूत होती. पुढे त्यांना इतरांच्या सोडवलेल्या उत्तरपत्रिका दाखवल्या, तेव्हा त्यांनी स्वतःबद्दलचा अंदाज वर नेला. कुणी पाठ थोपटली नव्हती की धीर दिला नव्हता. इतरांचं कच्चं काम बघायला मिळालं, एवढंच.

मी यातून माझ्यापुरता एक बदल केला. टीममध्ये नव्या येणाऱ्या माणसाला मी पहिल्याच आठवड्यात माझ्या एका अहवालाचे सगळे खर्डे दाखवतो, पहिल्या गिचमिडीपासून शेवटच्या प्रतीपर्यंत, मधल्या वेड्यावाकड्या शेऱ्यांसकट. पहिला खर्डा बघताना त्यांच्या चेहऱ्यावर जे येतं ते मला फार आवडतं. सुटका झाल्यासारखं असतं ते.

इथे कुणी म्हणेल की शंका असलेलीच बरी, तिनेच माणूस सावध राहतो. यात तथ्य आहे आणि ते टाळून पुढे जाणं बरोबर होणार नाही. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटावरच्या विमानतळावर दाट धुक्यात दोन मोठी विमानं एकाच धावपट्टीवर होती. एका विमानाच्या कॅप्टनने उड्डाणासाठी वेग घेतला. रेडिओवरचं बोलणं ऐकून त्याच्या फ्लाइट इंजिनिअरला शंका आली आणि त्याने विचारलंही: ते दुसरं विमान अजून बाजूला झालेलं नाही का? कॅप्टनने ठामपणे सांगितलं की झालंय. कॅप्टन अत्यंत अनुभवी, त्या विमान कंपनीत इतर वैमानिकांना शिकवणारा. इंजिनिअर पुढे बोलला नाही. काही सेकंदांनी टक्कर झाली. ५८३ माणसं गेली. विमान वाहतुकीच्या इतिहासात एका अपघातात इतकी माणसं कधी गेली नाहीत.

त्या कॉकपिटमध्ये कमतरता आत्मविश्वासाची नव्हती. इंजिनिअरची शंका बरोबर होती. तिला टिकून राहायला जागा नव्हती. कामाबद्दलची शंका ('धावपट्टी मोकळी आहे का?') आणि स्वतःबद्दलची शंका ('एवढ्या मोठ्या माणसाला मी कोण सांगणार?') अशा दोन गोष्टी असतात, आणि दुसरी पहिलीचा गळा दाबते. त्या इंजिनिअरच्या मनात नेमकं काय होतं ते कुणालाच सांगता येणार नाही. पण विमान क्षेत्राने अशा अपघातांतून धडा घेतला. १९७९मध्ये नासाने या विषयावर कार्यशाळा घेतली आणि त्यातून पुढे वैमानिकांच्या प्रशिक्षणाची नवी पद्धत आली: कनिष्ठाने शंका स्पष्ट बोलायची, ऐकलं नाही तर पुन्हा बोलायची, आणि वरिष्ठाने ती ऐकायची. कनिष्ठांना 'धीट व्हा' एवढंच सांगून ते थांबले नाहीत. वरिष्ठांनाही शिकवलं. आपल्या कचेऱ्यांमध्ये मला नेमका हाच दुसरा भाग दिसत नाही.

अ‍ॅमी एडमंडसन यांचं रुग्णालयांतलं काम, १९९६चं, याच वाटेवरचं. औषध देताना होणाऱ्या चुका त्या मोजत होत्या. चांगल्या टीममध्ये चुका कमी असतील अशी अपेक्षा होती, निघालं उलटं: चांगल्या टीममध्ये चुकांची नोंद जास्त. शोध घेतल्यावर लक्षात आलं की तिथे चुका जास्त होत होत्या असं नाही. तिथे त्या सांगता येत होत्या.

म्हणून शंका संपवणं हे ध्येय मला मान्य नाही. शंका 'मी'वरून उचलून कामावर ठेवणं, हे मान्य आहे. आणि हे शब्दांचे खेळ नाहीत, याला आधार आहे. अव्राहम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी यांनी १९९६मध्ये अभिप्रायाच्या परिणामांवरचे कितीतरी अभ्यास एकत्र तपासले. सरासरीने अभिप्रायाचा फायदा होतो. पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा अभिप्रायानंतर काम आधीपेक्षा बिघडलं. का, याचं त्यांनी दिलेलं स्पष्टीकरण असं की अभिप्रायाने माणसाचं लक्ष कामावरून हटून स्वतःकडे वळलं की त्याचा उपयोग घटतो. 'तू बेफिकीर आहेस' आणि 'चौथ्या तक्त्यातली बेरीज जुळत नाही' या दोन वाक्यांतलं अंतर इथे आहे. पहिलं ऐकून माणूस रात्रभर स्वतःला तपासतो आणि बेरीज तशीच राहते. गंमत म्हणजे स्तुतीचंही तसंच. 'तू फार हुशार आहेस' या वाक्याने पुढच्या कामाला हात लावायची भीती वाढते, कारण आता गमवायला काहीतरी आहे.

मग ज्याच्या डोक्यात आत्ता हा खटला चालू आहे त्याने काय करावं? वरिष्ठ सुधारतील तेव्हा सुधारतील. मला उपयोग झालेल्या, आणि ज्यांच्यामागे काही समज आहे, अशा थोड्या गोष्टी सांगतो.

'कसं झालंय?' असं विचारणं सोडून द्या. त्याला उत्तर येतं 'ठीक', आणि 'ठीक' या शब्दात शंकाखोर मनाला काय काय सापडतं ते विचारू नका. त्याऐवजी लहान, नेमका प्रश्न विचारा: यातला एक भाग बदलायचा तर कोणता बदलावा? वाचताना तुम्ही कुठे थांबलात? असा प्रश्न विचारला की समोरच्याला कामाबद्दलच बोलावं लागतं. ज्यांना अभिप्राय देता येत नाही अशा साहेबांकडूनही या प्रश्नाला उपयोगी उत्तर मिळतं, हा माझा अनुभव आहे.

भीती वाटेल तेव्हा ती भाकीत म्हणून लिहून ठेवा, तारखेसकट. 'गुरुवारच्या सादरीकरणात मला प्रश्न विचारतील, मला उत्तर येणार नाही आणि सगळ्यांना कळेल की मला यातलं काही समजत नाही.' शुक्रवारी तो कागद काढा. प्रश्न विचारले का? किती? उत्तर आलं नाही तेव्हा नक्की काय झालं? बेक यांच्या पद्धतीचं हे घरगुती रूप आहे. पाच-सहा कागद झाले की आपलं मन भविष्य सांगण्यात किती कच्चं आहे याची नोंद हाताशी येते, तीही आपल्याच अक्षरात. काही भाकितं खरी ठरतील. ठरू देत. त्यातून शिकायचं काय आहे ते तरी स्पष्ट होतं.

आणि रवंथ ओळखा. सुझन नोलेन-होक्सेमा यांनी आपलं बरंचसं आयुष्य या एका सवयीच्या अभ्यासाला दिलं: तेच दुःख, तीच चूक पुन्हा पुन्हा चघळत राहणं. करणाऱ्याला वाटतं की आपण प्रश्न सोडवतो आहोत. प्रत्यक्षात त्याने मन अधिक खचतं आणि प्रश्न सोडवण्याची ताकद कमी होते. माझी खूण अशी: विचार करून झाल्यावर उद्या सकाळी करायचं एक काम हाती आलं, तर तो विचार. नाही आलं, तर रवंथ. मग उठून चालायला जावं, कुणाशी तरी बोलावं, भांडी घासावीत, काहीही.

आत्मविश्वास आधी येतो आणि मग काम जमतं, अशी आपली समजूत असते. अल्बर्ट बंडुरा यांनी १९७७मध्ये 'हे मला जमेल' या खात्रीचे चार स्रोत मांडले: स्वतः केलेलं काम, दुसऱ्याला करताना बघणं, कुणी दिलेला धीर आणि शरीराची अवस्था. त्यात सर्वांत बळकट पहिला. धीर देणं त्यामानाने लंगडं. म्हणजे अडलेल्या माणसाला भाषण देण्यापेक्षा त्याच्या आवाक्यातला, पण खराखुरा उपयोगाचा एक तुकडा काम म्हणून द्यावा. तो पुरा झाला की पुढचा.

स्वतःवर कठोर राहिलो नाही तर आपण ढिले पडू, अशी भीती मेहनती माणसांना हमखास असते. मलाही होती. ज्युलियाना ब्रेन्स आणि सेरेना चेन यांच्या २०१२च्या प्रयोगांत एका अवघड परीक्षेत कमी पडलेल्या विद्यार्थ्यांपैकी काहींना स्वतःकडे समजुतीने बघायला सांगितलं होतं. त्यांनी पुढच्या परीक्षेसाठी इतरांपेक्षा जास्त वेळ अभ्यास केला. चाबूक मारणाऱ्याचा हात दुखेपर्यंत घोडा धावतो हे खरं, पण तो धावतो चाबकापासून दूर, मुक्कामाकडे नव्हे.

दोन इशारे मात्र हवेत. झोप उडाली आहे, भूक गेली आहे, आवडत्या गोष्टीतही मन लागत नाही आणि असं दोन आठवड्यांहून अधिक चाललं आहे, तर ही कामावरची शंका म्हणून अंगावर काढायची गोष्ट नाही. डॉक्टरकडे जावं. नैराश्यावर उपचार आहेत आणि ते लागू पडतात. दुसरं असं की काही जागा खरोखरच माणसाला लहान करणाऱ्या असतात. तिथे चारचौघांत अपमान होतो, चूक शोधण्यापेक्षा चुकणारा शोधला जातो. अशा जागी मनाची मशागत करत बसू नये. शक्य असेल तर बाहेर पडावं, आणि बाहेर पडणं हा पराभव समजू नये. शक्य नसेल, तर निदान एवढं तरी ओळखावं की आत जो आवाज आहे तो आपला नाही, तिथे ऐकून ऐकून घर केलेला आहे.

व्यवस्थापकांकडून माझी मागणी मोठी नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे की नैराश्य आणि चिंता यांमुळे जगात दरवर्षी कामाचे सुमारे १२०० कोटी दिवस वाया जातात. २०२२मध्ये या संघटनेने कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत कर्मचाऱ्यांना ताण हाताळायला शिकवण्याबरोबरच कामाची रचना बदलण्याची आणि व्यवस्थापकांच्या प्रशिक्षणाची शिफारस आहे. कचेऱ्यांनी त्यातला स्वस्त भाग तेवढा उचलला. ध्यानाचं अ‍ॅप दिलं, एक व्याख्यान ठेवलं. चांगलं काम म्हणजे काय हे या महिन्यात या माणसाला कुणी सांगितलं का, हा प्रश्न तसाच राहिला. तो विचारायला पैसे लागत नाहीत, पण वेळ लागतो, आणि आपण नेमकं काय मागतो आहोत हे वरिष्ठाला आधी स्वतःला माहीत असावं लागतं. बहुतेकदा अडतं ते इथे.

यावर लोक म्हणतात की सगळ्यांना असं बोट धरून चालवायचं तर कामं कधी करायची? मी बोट धरायला सांगतच नाही. स्पष्ट बोलणं हे लाड करणं नव्हे. 'हा अहवाल असा चालणार नाही, दुसरा भाग पुन्हा लिहावा लागेल, बुधवारपर्यंत' हे वाक्य कडक आहे, आणि ते ऐकणारा माणूस रात्री शांत झोपतो. जागा राहतो तो ज्याच्या अहवालावर तीन आठवडे कुणी काहीच बोललं नाही तो.

त्या दोन दिवसांची गोष्ट कळल्यापासून मी कारण लिहिल्याशिवाय कुणाला भेटायला बोलावलेलं नाही. "बजेटच्या तक्त्याबद्दल, दहा मिनिटं." "चांगली बातमी आहे, पण समोर सांगतो." कधी वाईट असतं तेव्हा तेही: "ग्राहकाकडून तक्रार आली आहे, कागद सोबत पाठवतोय, वाचून ये."

ती सहकारी आता स्वतः टीम सांभाळते. मागच्या महिन्यात तिने मला एक अर्धवट खर्डा पाठवला. वर एकच ओळ होती: "तिसऱ्या भागाबद्दल मला खात्री नाही, तेवढं बघाल का?" मी बघितलं. तिसरा भाग उत्तम होता. चूक पाचव्यात होती, आणि तिथे एक आकडा होता. मी तेवढंच लिहून पाठवलं. दहा मिनिटांत तिचं उत्तर आलं, "हो, बरोबर. दुरुस्त केला," आणि सोबत तिच्या टीममधल्या एका नव्या मुलाचा खर्डा जोडलेला होता. त्याच्या समासात तिने लिहिलं होतं की हा माझा पहिला खर्डाही सोबत बघ.